इलेक्ट्रॉनिक किटवर हात बिघडतो का?

पत्र थोडक्यात: वय 43, बँकेत नोकरी, ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. ड्रम शिकायची हौस कॉलेजपासूनची, पण ती राहून गेली. आठ महिन्यांपूर्वी बोनसच्या पैशांतून इलेक्ट्रॉनिक ड्रम किट (ड्रमच्या जागी पॅड, आवाज हेडफोनमध्ये) घेतलं. रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा हेडफोन लावून, व्हिडिओ बघत, आवडत्या गाण्यांबरोबर वाजवतात. पंधरा-सोळा गाणी बसली आहेत. गेल्या महिन्यात भाच्याच्या बँडचा सराव बघायला गेल्या असताना खऱ्या ड्रमवर बसायला मिळालं आणि सगळं कोसळलं. सिम्बलच्या, म्हणजे धातूच्या थाळ्यांच्या, आवाजात बाकी काही ऐकू येईना, टॉमवर (किटमधल्या बाजूच्या ड्रमवर) स्टिक उसळेना, दुसऱ्या दिवशी मनगट दुखलं. बँडचा ड्रमर म्हणाला, "काकू, इलेक्ट्रॉनिकवर शिकलं की हात बिघडतो. आता सगळं विसरून पहिल्यापासून करा." त्यातच खालच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा वर येऊन गेले: "रोज रात्री काय कुटता?" नवऱ्याचं म्हणणं, विकून टाक. लेखिका विचारतात, किट विकू का? खरं घेऊ का? आठ महिने वाया गेले का? आणि या वयात पुन्हा श्रीगणेशा जमेल का? पत्राखाली सही आहे, 'बिघडलेला हात'.

प्रिय बिघडलेला हात,

विशी-बाविशीतल्या मुलाने आधी 'काकू' म्हणायचं आणि मग हाताचं निदान करायचं, म्हणजे निदानापेक्षा 'काकू'च जास्त झोंबते. वयाचा प्रश्न तुमच्या पत्रात तिथूनच शिरला असावा असा मला संशय आहे, कारण पहिल्या दोन पानांत तो कुठेच नाही. आठ महिने तुम्ही रोज मजेत वाजवत होता, तेव्हा तुम्ही 43 वर्षांच्याच होतात.

आता त्या दिवसाबद्दल. मी ड्रमवर बसायच्या आधी पथकात ताशा वाजवायचे. ताशा असा ताणलेला असतो की वेताची काडी टेकवली तरी स्वतःहून वर येते. एकदा माणसं कमी पडली म्हणून माझ्या गळ्यात ढोल आला. हातात टिपरू, समोर सैल पान, आणि दरवेळी टिपरू वर ओढून घ्यायचं. पहिले चार दिवस मी अशी वाजवत होते की शेजारच्या मुलीने विचारलं, तू नवीन का? माझा ताशावरचा हात तोवर बरा होता. ढोलाने तो बिघडवला नव्हता आणि ताशानेही नाही. वाद्य बदललं होतं, एवढंच. वीस मिनिटांत, ओळखीच्या नसलेल्या खोलीत, दुसऱ्याच्या उंचीला लावलेल्या स्टुलावर, चार पोरं बघत असताना जे झालं त्यावरून तुमच्या हाताबद्दल काहीही ठरत नाही.

त्या मुलाचं म्हणणं मात्र मी अगदीच उडवून लावणार नाही. ही तक्रार जुनी आहे आणि एके काळी खरीही होती. 1981 मध्ये सिमन्स या इंग्रज कंपनीचं एसडीएस-फाइव्ह हे इलेक्ट्रॉनिक किट आलं, ते षटकोनी पॅडवालं. त्या पॅडचा पृष्ठभाग कडक प्लास्टिकचा होता. वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायची आणि टेबलावर वाजवल्यासारखं वाटायचं. पुढे रबराची पॅड आली. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचं लाडकं ऑक्टोपॅड त्याच घराण्यातलं. 1997 मध्ये रोलँड या वाद्यकंपनीने टीडी-10 या किटबरोबर जाळीचं पॅड आणलं आणि तक्रार उलटली: आता स्टिक खऱ्या ड्रमपेक्षाही जास्त उसळायला लागली. तुमचं किट जाळीचं आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आठ महिने तुमची स्टिक निम्मं काम जाळीच्या जोरावर करत होती. खऱ्या फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर) ती मदत मिळत नाही. तिथे मनगट आणि बोटं मिळून स्टिक परत आणतात, आणि ती सवय नसली की माणूस स्टिक आवळून धरतो. दुसऱ्या दिवशी दुखतं ते या आवळण्याने. (मुंग्या येत असतील किंवा चार-पाच दिवस सुटी देऊनही दुखत असेल तर मात्र मला पत्र लिहू नका, डॉक्टरांकडे जा.)

पण उसळी हा तुमचा मोठा प्रश्न नाही. तुम्ही पत्रात जे ओझरतं लिहून पुढे गेलात ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं: 'घरी मात्र अगदी रेकॉर्डसारखं वाजतं.'

ते तसंच वाजणार. पॅडखाली एक सेन्सर असतो. तुम्ही मारलंत की त्याला कंप कळतो, मॉड्यूल, म्हणजे किटची आवाज काढणारी पेटी, त्याला 1 ते 127 मधला एक आकडा देतं आणि कुठल्यातरी उत्तम स्टुडिओत उत्तम ड्रमरने वाजवलेला, आधीच साफसूफ केलेला आवाज तुमच्या कानात सोडतं. त्यात खोलीचा घुमारा मिसळतं. अनेक मॉड्यूल कारखान्यातून येतानाच अशी लावलेली असतात की मध्यम फटकाही भरदार वाजावा, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक खूश. फार हलका फटका काही वेळा मोजलाच जात नाही. याचा परिणाम असा की डावा हात उजव्यापेक्षा कमकुवत पडत असला तरी कानाला तो तितकासा कळत नाही. स्नेअरवर (अगदी पुढ्यातल्या मुख्य ड्रमवर) मधल्या हलक्या टिपक्या सुटत असल्या तरी कळत नाही. किट तुमचा हात बिघडवत नाही हो, तो तुमच्यापासून लपवून ठेवतं. आणि भाच्याच्या सरावाच्या खोलीत, पहिल्यांदाच, तुम्हाला तुमचा हात ऐकू आला.

सिम्बलचंही तेच. घरी हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी सिम्बलची जोडी) मोठी झाली तर तुम्ही बटण फिरवून ती कमी केली असेल. खऱ्या किटवर बटण नसतं. किती आवाज कुठे द्यायचा हे हातांनीच ठरवायचं असतं. म्हणजे उजवा हात हाय-हॅटवर चार बोटं उंचीवरून आणि डावा त्याच वेळी स्नेअरवर वीतभर उंचीवरून. नव्या माणसाचे दोन्ही हात एकाच जोराने पडतात आणि पितळ कातड्यावर मात करतं. भाच्याच्या ड्रमरने हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तुमचे आठ दिवस वाचले असते, पण त्या वयात निदान सांगायचं असतं, उपाय नाही.

तर उपाय. पहिला फुकटचा आहे आणि थोडा क्रूर आहे. उद्या मॉड्यूल बंद करा. हेडफोन काढा. फोन बाजूला उभा करून रेकॉर्डिंग लावा आणि मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) मिनिटाला 60 मात्रांवर ठेवून स्नेअरच्या पॅडवर एका मात्रेत चार फटके, उजवा-डावा-उजवा-डावा, असे दोन मिनिटं वाजवा. मग ऐका. नुसती टकटक असेल. पण त्या टकटकीत सगळं आहे: डावा हात कुठे मागे राहतो, कुठे घाई करतो, कुठला फटका दाबला गेलाय, कुठला मोकळा सुटलाय. तबलजी मंडळी 'हात साफ आहे' म्हणतात ते याच अर्थाने. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या महिन्यात हे करायला लावते आणि प्रत्येक जण ऐकून म्हणतो, 'फोनचा माइक खराब आहे वाटतं.'

व्हिडिओत हातही बघा. स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या पेरात पेललेली असावी आणि बाकीची बोटं तिला नुसती लागून असावीत. फटक्यानंतर स्टिक कुठे थांबते? वर परत आली तर तो मोकळा फटका. खालीच, पॅडपासून दोन बोटांवर रोखलीत तर तो वेगळा फटका. हलकी टीप मारून हात वर नेला तर तिसरा, आणि हलकी टीप मारून खालीच राहिलात तर चौथा. ड्रमचं सगळं तंत्र या चारांच्या येरझाऱ्यांतून येतं, आणि हे चारही तुमच्या जाळीवर शिकता येतात. किंबहुना रोखण्याचा सराव जाळीवर जास्त चांगला होतो, कारण ती उसळवायलाच बसलेली असते. वाजवताना उंची ठरवून ठेवा: हलका फटका दोन इंचांवरून, जोराचा दहा-बारा इंचांवरून. पॅरॅडिडल (उ-डा-उ-उ, डा-उ-डा-डा) याच दोन उंच्यांत वाजवा, प्रत्येक चौकडीचा पहिला फटका तेवढा उंचावरून. जगभर शिकवले जाणारे असे 40 मूळ पलटे आहेत. अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने ती यादी 1984 मध्ये पक्की केली. तुम्हाला या वर्षी त्यातले पाच पुरेत. सगळे चाळीस भिंतीला चिकटवून रोज त्यांच्याकडे अपराधी नजरेने बघणारे लोक मी पाहिले आहेत.

मग मॉड्यूल सुरू करा, पण त्याचा लाडिकपणा काढून. एकच साधं किट निवडा, घुमारा शून्यावर आणा. सगळ्या पॅडचे आवाज सारखे करा आणि पुन्हा त्यांना हात लावू नका. हाय-हॅट मोठी वाटली तर हात हलका करा. संवेदनशीलता अशी लावा की पूर्ण ताकदीने मारल्याशिवाय 127 दिसणार नाही, आणि हलक्यात हलकी टीपही ऐकू येईल. या दोन टोकांमधलं अंतर जितकं मोठं, तितकं किट खरं बोलतं. मॅन्युअलमध्ये हे पान कंटाळवाणं असतं, म्हणून बहुतेकांनी ते उघडलेलंच नसतं.

तुम्ही मॉड्यूलला छोटा ट्रान्समीटर जोडून ब्लूटूथ हेडफोन वापरता. तो आजच काढा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला उशीर होतो आणि तो सहज 100 मिलिसेकंदांच्या पुढे जातो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा हिस्सा 125 मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तुम्ही एक मारता आणि तो ऐकू येईतो पुढच्याची वेळ झालेली असते. मेंदू बिचारा तडजोड करतो, हात आधीच टाकायला लागतो. सरावाच्या खोलीत तुम्हाला 'सगळे मागे चाललेत' असं वाटलं म्हणता, त्याचं हे एक कारण असू शकतं. वायरचा, कान झाकणारा हेडफोन घ्या, आणि त्याचा आवाज बेताचा ठेवा.

आता गाणी. पंधरा-सोळा बसली आहेत ती सोडू नका; त्यांच्यासाठीच तर किट घेतलंत. पण गाण्याबरोबर वाजवताना ठेका मूळ ड्रमर सांभाळत असतो, तुम्ही त्याच्या पाठीवर बसून चालला आहात. त्यातलं एखादं गाणं घ्या, गाणं बंद ठेवा आणि त्याचा ठेका फक्त मेट्रोनोमवर वाजवा. जमलं की मेट्रोनोमचा वेग चौथाई करा, म्हणजे टिकटिक फक्त समेवर येईल. मधल्या तीन मात्रा तुमच्या. तोंडाने मोजत राहा, मोठ्याने. तबल्यात आधी पढंत मग हात, हे आपल्या रक्तात आहे. ड्रमवर आलं की आपण उगाच लाजतो.

याने महिन्या-दोन महिन्यांत तुम्हाला फरक ऐकू येईल, फोनमधल्या टकटकीत. मग तुमचा विकण्याचा प्रश्न आपोआप निघून जाईल असं म्हणून मी तो टाळू शकते, पण नवऱ्याशी रोज बोलायचं तुम्हाला आहे, तेव्हा नीट सांगते. किट विकू नका. त्याचा सर्वांत मोठा गुण असा की ते रोज वाजवता येतं, आणि फ्लॅटमध्ये खरं किट रोज वाजवता येत नाही. ते घ्यायचा विचार तर मनातूनही काढा. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर त्याला महिनाभरात चादर पांघरावी लागेल. त्याऐवजी महिन्यातून दोनदा सरावाची खोली तासाने भाड्याने घ्या, एकटीने, भाच्याला न सांगता. आणि ज्या पैशांत दुसरं किट येईल त्यातल्या थोड्या पैशांत एखाद्या शिक्षकाकडे दहा-बारा तास काढा. व्हिडिओ तुम्हाला काय करायचं ते दाखवतो. तुम्ही काय करताय ते त्याला दिसत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांनी अजून किट घेतलेलंच नाही, वसतिगृहातल्या मुली, एका खोलीत चार जण राहणारे, नऊ वर्षांच्या मुलासाठी विचारणारे बाबा, त्यांना एवढंच: रबराचं एक सरावाचं पॅड, 5ए मापाच्या स्टिक (लहान हाताला 7ए) आणि फोनमधला मेट्रोनोम. सहा महिने याच्यावर टिकलात तर किट घ्या. मुलगा टिकला नाही तर घरात कपडे वाळत घालायला महागडी दांडी उरणार नाही.

खालच्या आजोबांकडे येते. तुमच्या पत्रात त्यांच्यावर चिडचिड आहे: 'हेडफोन लावते तरी तक्रार.' इथे मात्र चूक तुमची आहे, ताई. हेडफोनने हवेतला आवाज थांबतो. आजोबांना त्रास होतो तो किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमच्या, पेडलचा. बीटर (पेडलचा दट्ट्या) पॅडवर आपटतो, तो धक्का स्टँडमधून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून त्यांच्या छतात उतरतो. त्यांना गाणं ऐकू येत नाही, नुसती धप... धप-धप... धप येते, आणि ज्याला चाल नाही असा आवाज सहन करणं सर्वांत कठीण. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा घालतात. मीटर लावलंत तर तुम्ही कदाचित जिंकाल, कारण असा खालच्या पट्टीतला दणका मीटरच्या नेहमीच्या मोजणीत कमी भरतो. पण तुम्ही जिंकल्याने आजोबांना झोप लागत नाही. आणि तुमची वेळ साडेदहापर्यंत जाते, हे विसरू नका.

मी स्वतः यातून गेले आहे. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात खालच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "रात्री मिरची कांडता का?" मी तेव्हा तावातावाने हेडफोन दाखवला होता. मग एकदा बहिणीला पेडल मारायला बसवलं आणि खाली त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पातेल्यांच्या झाकण्या थरथरत होत्या.

तेव्हा आधी तुम्ही हेच करा. नवऱ्याला वर पेडलवर बसवा, त्यालाही कळू दे ते किती अवघड असतं, आणि आजोबांना विचारून त्यांच्या घरात पाच मिनिटं उभ्या राहा. त्यांना वामकुक्षी कधी लागते, रात्री किती वाजता झोपतात, ते विचारून घ्या. मग एक सुतार गाठा. किट मावेल एवढे जाड प्लायवूडचे दोन तुकडे, दोन्हींत समोरासमोर चेंडूपेक्षा लहान भोकं, आणि मध्ये टेनिसचे चेंडू, म्हणजे वरची फळी चेंडूंवर तरंगते. चेंडू पंचवीसएक लागतील, किकच्या खाली जरा दाट बसवा. वरच्या फळीची एकही कड भिंतीला किंवा कपाटाला टेकता कामा नये, टेकली की धक्का तिथून पळतो. नुसती रबरी चटई टाकून फारसं काही होत नाही, जरी दुकानदार तसं सांगत असला तरी. याशिवाय बीटर नसलेलं पेडल मिळतं, ते धक्काच कमी करतं. आणि रात्री नऊनंतर फक्त हातांचा सराव, पाय बंद. तुम्हाला हातांचीच गरज आहे, त्यामुळे यात तुमचं काही जात नाही.

वयाबद्दल मी शेवटी बोलणार होते, पण आता लिहायला बसल्यावर फारसं काही सापडत नाही. वेग तरुणांइतका भराभर वाढणार नाही. 43 व्या वर्षी रोज वीस मिनिटं सरावाला बसणारी माणसं माझ्याकडच्या विशीतल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात, कारण त्यांना कुणाला दाखवायचं नसतं. स्टूल मात्र नीट लावा: मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी, नाहीतर कंबर तक्रार करेल, आणि तिची तक्रार आजोबांपेक्षा लांबते.

खोली घ्याल तेव्हा पहिली दहा मिनिटं गाणं वाजवू नका. स्टूल आपल्या उंचीला लावा, पॅडच्या मानाने स्नेअर केवढी मोठी आहे ते हाताला कळू द्या, हाय-हॅट अगदी बोटभर उंचीवरून वाजवून पाहा. फोन कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड करा, घरी येऊन ऐका. आणि कानात बोळे घाला, चांगल्यातले. बंद खोलीत खरं किट 100 डेसिबलच्या वर सहज जातं, आणि त्या आवाजात कानांसाठी सुरक्षित मानलेली मुदत दिवसाला 15 मिनिटं आहे.